शुक्रवारच्या दुरुस्त्या

निलंबनाचं पत्र तयार होतं. सही तेवढी राहिली होती. आणि ज्या एन्दाहच्या नावाचं ते पत्र होतं, तीच कार्यालयप्रमुख सुगेंगच्या, आदराने सगळे ज्याला 'पाक' म्हणत त्याच्या, शेजारी बसून चौकशी करत होती.

इलाज नव्हता. वातुरेजोच्या जन्मनोंदणी कार्यालयात काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून थेट डेटाबेसशी बोलणारी ती एकटीच. बाकीचे रंगीत पडद्यावर बटणं दाबत. रंगीत पडदा प्रत्येक दुरुस्तीला अर्ज मागे, दोन सह्या मागे. काळी खिडकी काहीच मागत नसे. एक ओळ, एक एन्टर, की माणसाचा जन्म इकडचा तिकडे. एन्दाहच्या आधी या खुर्चीवर चार जणी होऊन गेल्या होत्या. तिघींना शहरात बरी नोकरी लागली. पहिलीशी सुगेंगने लग्न केलं. नवरा-बायको एका कार्यालयात चालत नाहीत, म्हणून ती घरी बसली.

राजधानीतून पत्र आलं होतं. तुमच्याकडे जन्मतारखा विनाअर्ज बदलल्या जात आहेत, शुक्रवार संध्याकाळपर्यंत जबाबदार व्यक्तीचं नाव कळवावं. आज शुक्रवार होता.

"या वर्षीच्या काढ," सुगेंग म्हणाला.

एन्दाहने एक ओळ टाइप केली. खाली सात ओळी उमटल्या.

"सातही शुक्रवारच्या, पाक. दुपारी बारा ते एकमधल्या. आणि दर वेळी तारीख फक्त एका दिवसाने हलवलीय."

"बारा ते एक आम्ही सगळे पुरुष मशिदीत असतो."

"हो ना. म्हणजे उरले मी आणि मांजर."

"मांजराला टाइप करता येत नाही."

"खातं मात्र तुमचं वापरलंय," एन्दाह शांतपणे म्हणाली.

"माझा पासवर्ड कोणालाही ठाऊक नाही."

"तुमच्या लग्नाची तारीख. दर वर्षी त्या दिवशी तुम्ही अख्ख्या ऑफिसला पिवळा भात खाऊ घालता."

सुगेंगने पडद्याकडे पाहिलं. एका दिवसाने ना पेन्शन लवकर मिळते, ना शाळेत प्रवेश. पण वार बदलतो, आणि पाच दिवसांच्या बाजारचक्रातला दिवसही बदलतो. दोन्हींना आकडे असतात. मुलाचे नि मुलीचे आकडे मिळवायचे, आणि बेरीज पंचवीस, म्हणजे अशुभ, आली की स्थळ सोडून आईबापांनी हात जोडून उठायचं.

"या सात जणांची लग्नं?"

"सहांची लागली. सातवी नोंद आजची आहे, बारा वाजून वीस मिनिटांची."

सातवं नाव दान्दीचं होतं.

दान्दीला सुगेंग ओळखत होता. त्याच्याशी आपल्या लेकीचं, लारासचं, जमलेलं लग्न त्याने गेल्याच आठवड्यात मोडलं होतं. बेरीज पंचवीस. तेव्हापासून लारास बापाशी बोलत नव्हती. बोलेल पुढे. सुगेंग या बाबतीत कच्चं काम करत नसे. तो स्वतः बुधवारचा, बाजारचक्रातल्या पोन या दिवसाचा; दोन्ही मिळून आकडा चौदा. दर पस्तिसाव्या दिवशी आपला जन्मदिवस फिरून आला की, आईने शिकवल्याप्रमाणे, न चुकता उपास करी. बायको सुमिनार बुधवार लेगी, बारा. बेरीज सव्वीस. लग्नाआधी त्याने ते स्वतः नोंदीतून तपासून घेतलं होतं, आणि सत्तावीस वर्षांत घरात भांड्याला भांडं लागलं नव्हतं.

आज दुपारी सुमिनारनेच विषय काढला होता. दर शुक्रवारी ती डबा घेऊन येई. तो नमाजाहून परतला तेव्हा ती त्याच्या खुर्चीत पंख्याखाली बसली होती.

"मुलाची तारीख तोंडीच घेतलीत ना, बापाक?" माशातला काटा काढून देत ती म्हणाली. "पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. एकदा ऑफिसातली नोंद बघा."

"बघतो. तू पण खा."

ती पोटभर जेवली. त्याला बरं वाटलं. मंगळवारी दिवसभर ती अन्नाला शिवली नव्हती. पित्त. महिना-सव्वा महिन्याने तिचं पित्त उसळायचंच. त्याने विचारणं कधीच सोडून दिलं होतं.

सुगेंगने पेनाचं टोपण काढलं.

"त्या पोराने काय देऊ केलं तुला?"

"कुठल्या?"

"वेड पांघरू नकोस. दान्दीने."

"मी त्याला पाहिलेलंही नाही," एन्दाह म्हणाली. "सही करा, पाक, मी अडवत नाही. पण मी फक्त या वर्षीच्या काढल्यात. सगळ्या बघायच्या तर वर्षाची अट खोडा आणि एन्टर दाबा. तुम्हीच दाबा. मी दाबलं तर म्हणाल, हातचलाखी केली."

ती उठली. "चहा टाकते. तुम्हाला साखर कमी, ना?"

दारात ती थांबली. "आणि मी इथे लागून चार वर्षं झाली, एवढं ध्यानात असू द्या."

सुगेंगने एका बोटाने अट खोडली. एन्टर दाबलं.

ओळी धावल्या. एक्केचाळीस. कार्यालयातली यंत्रं तीनदा बदलली होती, पण दुरुस्त्यांची यादी दर वेळी जशीच्या तशी नव्या यंत्रात आणून ठेवलेली. गेल्या वर्षीचे शुक्रवार. दहा वर्षांपूर्वीचे शुक्रवार, बारा ते एक. एन्दाह तेव्हा शाळेत असणार. त्याने पेनाला टोपण लावलं आणि वर सरकत राहिला.

सर्वांत वरची ओळ शुक्रवारची नव्हती. खातंही त्याचं नव्हतं, ऑपरेटर एकचं होतं, एन्दाहच्या खुर्चीवर बसलेल्या पहिलीचं. दुरुस्ती सत्तावीस वर्षांपूर्वीची, त्याच्या साखरपुड्याच्या आठवड्यातली. तारीख एका दिवसाने पुढे. नाव सुमिनार.

सुगेंगने जुन्या तारखेवर बोट ठेवलं आणि सवयीने हिशेब केला. मंगळवार, क्लिवोन. तीन आणि आठ, अकरा. आणि त्याचे स्वतःचे चौदा.