पहिला घाव कोणाचा

शिल्पकाराने ओल्या प्लास्टरचं घमेलं इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. “एकेकीनं पंजा दाबा. घाबरू नका, चावत नाही.”

बायका हसल्या. थोरली, लाँड्रीतली सगळ्यात जुनी इस्त्रीवाली, हसली नाही. चावणारी माणसं आधी असंच सांगतात.

शिल्प भिंतीशी अर्धं उभं होतं. जळकं दार, त्यातून बाहेर झेपावणारी पिळलेल्या चादरींची बाई, तारेचे केस. तिला मागून रेटणारे हात या बायकांचे लागणार होते. महिन्यापूर्वी आग लागली तेव्हा ह्याच दाराला कुलूप होतं, किल्ली मुकादमाच्या खिशात आणि मुकादम बाहेर. कुणीतरी आतून दारावर इस्त्री हाणून कुलूप फोडलं, म्हणून एकवीसजणी जगल्या. मालकाने उलटी फिर्याद ठोकली, की फोडणारीनेच आग लावली. नाव मात्र एकीच्याही तोंडून निघालं नव्हतं.

“आणि हे मधोमध बसवायचं.” शिल्पकाराने थैलीतून पिचलेलं कुलूप काढलं.

“हे मालकाच्या कपाटात होतं ना?” थोरलीने विचारलं.

“त्यांनीच दिलं, मावशी. सगळा खर्चही त्यांचाच. मोठ्या मनाचा माणूस.”

“दात कोरून पोट भरणारा तो. त्याचं मन कधी मोठं झालं?”

शिल्पकार नुसता हसला. “कुलुपावर खरा तोच हात पाहिजे. जिचा पहिला घाव, तिनं पुढं यावं. कलेसाठीच विचारतोय.”

थोरलीच्या सुनेची मान ताठ झाली. कौतुकाला भुलायचंच वय. तिच्या तळव्यावर त्या दिवशीचा तापल्या इस्त्रीचा चटका अजून लाल होता. प्लास्टरमध्ये जसाच्या तसा उठला असता. ती उठायला लागली.

थोरलीने तिला दंड धरून खाली बसवलं आणि स्वतःचा हात मनगटापर्यंत घमेल्यात खुपसला. “घ्या. पहिला घाव माझा.”

“तुझा?” घड्या घालणारी जाडी ओरडली. “तुला जिना चढवत नाही! माझा होता.” तिनेही हात घातला.

“गप गं, तू तर भोकाड पसरलं होतंस. माझा!” तिसरी म्हणाली.

मग कोण कुणाला ऐकतंय. हातावर हात पडले, बोटांत बोटं अडकली. सगळ्यांच्या मधे सुनेचाही हात गेला. घमेल्यात नुसता चिखल झाला.

“अहो, एकेकीनं!” शिल्पकार कळवळला. “एकही ठसा धड उठणार नाही.”

“दार तरी कुठं एकेकीनं फोडलं होतं?” थोरलीने हात फडक्याला पुसला आणि घमेलं त्याच्यापुढे सरकवलं. “आता तुझा पंजा दाब, बाबा. एवढा आमच्यातला झालास, तर फिर्यादीतही ये.”

बायकांनी त्याला जागा करून दिली.

शिल्पकाराने दोन्ही हात पाठीमागे घेतले.