कोपऱ्यातला कढीलिंब

आमटीला पानं तोडून सुलक्षणा वळली, तेवढ्यात फुलपाखरू आलं. दारच्या कढीलिंबावर पाय टेकवून ते उडालं आणि कोपऱ्यातल्या कढीलिंबावर मोहरीएवढं अंडं घालून गेलं. "अहो, याला रोज तेच झाड कसं आवडतं?" नवरा पार्ल्याच्या शाळेत शास्त्र शिकवायचा, असं काही विचारलं की खुलायचा. "फुलपाखरू पायांनी चव घेतं. पिल्लांना पोसेल असं रसरशीत पान निवडतं." "पण दोन्ही रोपं तुम्ही एकाच दिवशी लावलीत, पाणीही सारखंच." "त्या कोपऱ्यातली माती कसदार," तो बोलून गेला आणि घाईनं आत वळला. रोपं लागली बावन्न साली, तिला मेलेलं बाळ झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. बाळाला वर्सोव्याच्या खाडीत सोडल्याचं त्यानं सांगितलं होतं. झाडं फोफावली तसं त्यानं कढीलिंब खाणं सोडलं. सुलक्षणानं मूठ उघडली. पानं रोजच्यासारखी कोपऱ्यातल्याच झाडाची होती.