शेलारच्या पेट्या

“हात झटक तिच्यापासून. आत्ताच्या आत्ता, कॅमेऱ्यासमोर!” ठाण्याहून पक्षाच्या साहेबांनी फोनवर फर्मावलं.

पक्षाचा तालुकाध्यक्ष दौलत फोन घेऊन कोपऱ्यात सरकला. जिल्हा परिषदेची मतमोजणी चालली होती. खारबावच्या पेट्या मोजून झाल्या होत्या आणि पक्षाची उमेदवार विनिता सपाटून मागं पडली होती. राहिलं होतं फक्त शेलार गाव. ते तर समोरच्या उमेदवाराचं, बाळारामशेठचं सासर. तिथं हिला कोण विचारतंय? आणि ती नको नको म्हणत असताना तिच्या गळ्यात तिकीट मारलं होतं ते याच दौलतनं! आता तिच्याबरोबर बुडायचं, की तालुक्याचं अध्यक्षपद वाचवायचं?

तो मोजणीच्या गोदामाबाहेर आला. गळ्यातलं उपरणं खिशात कोंबलं आणि पत्रकारांसमोर बोलून मोकळा झाला.

“तिकीट तिनं हट्टानं घेतलं. या पराभवाशी पक्षाचा काय संबंध न्हाय.”

विनिता मागंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि पाठ फिरवून मोजणीकडं आत गेली. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं दौलतला वाटून गेलं.

पण आता पाच वर्षं गाठ बाळारामशेठशी होती. दौलत तडक त्याच्या मंडपात शिरला. तिथं विजय धरूनच बेंजोवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली होती. “या, अध्यक्ष!” म्हणत बाळारामशेठनं मूठभर गुलाल त्याच्या तोंडाला फासला. दौलत हसला. हसावंच लागलं.

तेवढ्यात भोंगा बोलला. बेंजो गपकन थांबला. शेलारनं जावयाला घरी बसवलं होतं. विनिता निवडून आली होती.

दौलत नळाकडे धावला. जितकं घासावं तितका मेला गुलाल पसरत चालला. कानामागून ओघळून कॉलरीत उतरला. फोन वाजला. पुन्हा साहेब.

“विनिताला हार घातलास का? आणि ऐक, मघाचं ते बोलणं तुझं स्वतःचं हां. पक्षाचा त्याच्याशी काय संबंध नाय.”

हार घेऊन तो गर्दीत शिरला. माणसं बाजूला झाली, जरा जास्तच बाजूला झाली. विनिता गुलालाचं ताट घेऊन एकेकाच्या कपाळाला बोट लावत होती. दौलतपाशी येऊन थांबली. त्याच्या लाल कानांकडे तिनं शांतपणे पाहिलं.

“दौलतदादांना नको,” ती म्हणाली आणि ताट पुढं नेलं. “त्यांना आधीच लागलाय.”