शेवटच्या बाकावरचा प्रश्न

टाळ्या नीट वाजल्या, आणि मग कुणीच काही बोललं नाही.

रामकिसन सर व्यासपीठाच्या कडेला उभे होते. जालन्याच्या त्या कॉलेजात समाजशास्त्राचं चर्चासत्र पहिल्यांदाच भरत होतं. घनसावंगीकडच्या शाळेत शिकवणाऱ्या सत्यशीलाबाईंना निबंध वाचायला त्यांनीच आग्रहाने बोलावलं होतं. विषय होता धर्मांतरानंतरच्या दिवसांतल्या बायकांच्या आठवणी. बाईंनी झुंबरबाई नावाच्या एका म्हातारीची हकिकत वाचली. छप्पन सालानंतरच्या उन्हाळ्यात झुंबरबाई गावच्या विहिरीवर गेली आणि तिने स्वतःच्या हाताने पाणी ओढलं. वस्तीतली ती पहिलीच. मागच्या हिवाळ्यात ती वारली होती.

"काही प्रश्न?" पुण्याहून आलेल्या अध्यक्षांनी विचारलं.

कुणी पंख्याकडे पाहिलं, कुणी चपलेकडे. सरांना ही शांतता ओळखीची होती. शंका सगळ्यांच्या मनात होत्या. त्या चहाच्या वेळी, बाई जवळ नसताना बोलल्या जाणार होत्या. आणि ज्या निबंधावर चर्चा होत नाही, तो पुण्याच्या परिषदेला जात नाही. अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा एक म्हातारा उठला. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला पटका, हातात काठी. कुणी बागायतदार पाटील असावा, असं सरांना वाटलं.

"मला इचारायचंय," तो म्हणाला. "ती म्हातारी खरं बोलली कशावरून?"

सभागृह जागं झालं.

"मेलेल्या बाईला आता कोण इचारणार? खोटं बोलली असंल. म्हातारी माणसं वाढवून सांगतेत."

सर रागाने पुढे झाले. "आजोबा, खाली बसा."

"असू द्या सर," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "विचारू द्या त्यांना."

मग त्या म्हाताऱ्याकडे वळल्या. "त्या दिवशी झुंबरबाईंकडे दोर नव्हता. विहिरीजवळच्या चतुराबाईंनी आपला दिला. चतुराबाई वस्तीतल्या नव्हेत, गावातल्या शेतकऱ्याच्या घरच्या, अजून हयात आहेत. मी त्यांना वेगळी जाऊन भेटले. झुंबरबाईंनी मला काय सांगितलंय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनीही हेच सांगितलं. दोर दिला म्हणून नवऱ्याने मारलं, हेसुद्धा."

म्हातारा बसला नाही. "बरं. पन बायाच्या आठवणीला कालेजात इतिहास म्हणायचं का?"

"कागदावर लिहिणाऱ्यालाही कुणीतरी सांगितलेलंच असतं, बाबा. फक्त त्याला कुणी विचारत नाही, की खरं कशावरून."

पुढच्या रांगेतल्या एका प्राध्यापकांनी हात वर केला. मग दुसऱ्यांनी. कुणी वाद घातला, कुणी आपल्या गावची गोष्ट सांगितली. अध्यक्षांनी टोपण काढून लिहायला घेतलं. शेवटी बाईंनी सगळ्यांचे आभार मानले, शेवटच्या बाकाचे विशेष. लोक हसले. सरांना मात्र हसू आलं नाही. त्या म्हाताऱ्याचा उद्धटपणा त्यांना डाचत होता.

चहा झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "रामकिसनराव, हा निबंध पुण्याला येतोय. आणि या बाईंना वर्षभर हेच काम करता येईल अशी अभ्यासवृत्ती मिळवून देतो. तुम्ही मला फार चांगलं माणूस दाखवलंत."

सरांना भरून आलं. पण बाई गाडी चुकू नये म्हणून मघाशीच निघून गेल्या होत्या. सरांनी सायकल काढली. आनंदाची बातमी तर सांगायचीच होती, त्या म्हाताऱ्याबद्दल माफीही मागायची होती.

स्टँडवर घनसावंगीची गाडी अजून लागली नव्हती. लिंबाखालच्या बाकावर बाई बसल्या होत्या, आणि शेजारी तोच म्हातारा, मान खाली घालून. इथंही हा पाठ सोडत नाही, असं मनात म्हणत सर मागून जवळ गेले.

"मामा, पाणी तरी घ्या," बाई म्हणत होत्या. "तुम्ही उठलात म्हणून लोकायनं तोंड उघडलं. तुमचे उपकार कसे फेडू? घरी ठरलं तसंच तर बोललात. मंग आता काहून असे बसले?"

म्हाताऱ्याने पटक्याच्या शेवाने डोळे पुसले.

"ठरलं व्हतं, सूनबाई. पन समद्यांसमोर सोताच्या मायला खोटी म्हणताना जीभ लई जड झाल्ती."