पॅन नंबर दोन

सव्वाअकरा.

दाणा बसला होता. गहिनीनाथनं साखर शिजवायच्या पॅनमधून चमचाभर पाक काढला, काचेवर पसरला आणि खिडकीच्या उजेडात धरला. बारीक, एकसारखा. एकोणीस हंगाम तो ह्या साखर कारखान्यात पॅन चालवत होता; असा दाणा हंगामातून दोनदा-तीनदाच पडतो. "वा रं पठ्ठ्या," तो म्हणाला. कुणाला, कुणास ठाऊक.

भीमराज धापा टाकत जिना चढून आला. खालच्या साखर वाळवायच्या मशिनवरचा गडी.

"गहिनीआण्णा, खाली चला. समदी गेटवर बसल्यात."

"का रं?"

"वाफेचा पाइप फुटला. सहादेव भाजला. हात कोपरापतुर सोलून निघालाय."

गहिनीनाथचा हात व्हॉल्व्हवरच राहिला. तो आणि सहादेव रोज एका फडक्यातली भाकरी खायचे.

"दवाखान्यात न्हेलं?"

"न्हेलं की. उसाच्या ट्रॉलीत घालून, नगरला. साहेबाची नवी सुमो दारात उभी हुती. पावणं यायचेत, सीटा खराब व्हतील म्हनला."

गहिनीनाथनं व्हॉल्व्ह थोडा आवळला.

"चला. साहेब येऊन जाब देईस्तवर कारखाना बंद."

"येतो. एवढं पॅन उतरू दे."

भीमराज त्याच्याकडं बघत राहिला. "मानूस सोलला आन् तुमी साखर शिजवताय?"

"मदीच सोडलं तर समदा माल थिजतो, भीमराज."

"थिजंना का. तुमच्या बापाचा हाय?"

जिना उतरताना तो वळला. "न्हाई, बसा. तुमचं ब्येस चाललंय."

बारा.

उतरावं.

पण दाणा वाढत होता.

उतरावं. सुमो दारात उभी होती. दारात. आणि सहादेव ट्रॉलीत, पाचटावर पडून, रस्ता हा असला, प्रत्येक खड्ड्याला त्याचा हात

थोडी वाफ कमी. थोडा पाक आत.

हात आपले चालतच होते. एकोणीस वर्षांत ह्या कारखान्यानं त्याला बसायला स्टूल दिलं नव्हतं. हंगाम संपला की घरी जा, पुढच्या हंगामाला बोलावलं तर ये. आणि तरी सकाळी पॅनपाशी येऊन उभा राहिला, की त्याला चूल पेटलेल्या घरात आल्यासारखं वाटायचं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. लोक जोड्यानं हाणतील. आज तर हाणतीलच.

थोडा पाक आत.

उतरावं.

पाऊण.

पॅन उतरलं. धोका नको म्हणून गेटवरच्यांनीच बॉयलरवर दोन माणसं मागं ठेवली होती, त्यांच्या उरल्यासुरल्या वाफेवर उतरलं. मधासारखा रंग. कुठं गुठळी नाही. बघायला कुणी नव्हतं.

गहिनीनाथ घाम पुसत जिना उतरला आणि गेटकडं निघाला. सगळी पाळी तिथं मातीत बसली होती. सहादेवाची बायको चांगुणा नुकतीच गावातून धावत आली होती. फाटकाची सळई धरून उभी होती. तिच्याकडं बघायचं गहिनीनाथच्यानं झालं नाही. जाऊन बसावं, खालमानेनं, एका कडेला. पंधरा पावलं राहिली होती.

"ए, इकडं ये."

ऑफिसच्या पायरीवर साहेब उभे होते. "दोन नंबरचं पॅन तूच उतरवलंस ना? शाबास." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला माइकपाशी नेलं. उसाच्या गाड्यांचे नंबर पुकारायचा तो माइक. त्याचे कर्णे पार यार्डापर्यंत गेलेले.

गेटवरचे लोक उठून उभे राहिले. भीमराज पचकन थुंकला.

"नाव काय तुझं?" साहेबांनी हळूच विचारलं.

गहिनीनाथनं गेटकडं पाहिलं. एकदा चांगुणाकडं पाहिलं.

"सहादेव," तो म्हणाला.

साहेबांनी माइकवर टिचकी मारली.

"नीट ऐका सगळ्यांनी. हा आपला सहादेव. सकाळपासून कामावर उभा आहे, ह्याची काही तक्रार नाही. मग तुम्हालाच काय झालंय?"