जुना पॉलिश पेपर

बायकोच्या हृदयातला स्टेंट वर्षभरात तुंबला आणि ती गेली. तेव्हापासून लेक प्रयोगशाळेत स्टेंटच्या धातूच्या तुकड्यांवर रक्तवाहिनीच्या पेशी वाढवत होती. डबा द्यायला आलेल्या बापाला तिचा चेहरा उतरलेला दिसला. "पेशींनी अस्तर धरलं तर स्टेंट तुंबत नाही, बाबा. पण तुकडा आरशासारखा गुळगुळीत केला, तरी निसटतात." जन्मभर कपाटांना पॉलिश करणारा त्याचा अंगठा तुकड्यावरून घसरला. "धरायला जागा कुठे ठेवलीस? शेवटचा हात मारण्याआधी आम्ही लाकूड हलकं घासतो, एकाच दिशेनं. नाहीतर पॉलिश सुटतं." खिशातला झिजलेला पॉलिश पेपर त्याने तिच्यापुढे ठेवला. आठवड्याने तिने त्याला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. घासलेल्या तुकड्यावर पेशी ओळीने आडव्या पसरल्या होत्या. "जमलं, बाबा!" लेक ओरडलीच. "हळू बोल," बाप म्हणाला, आजारी बायको निजल्यावर म्हणायचा तसा. "आत्ता कुठे त्यांचा डोळा लागलाय."