एकही खाडा नाही

चुन्याचा सदरा तिसऱ्यांदा फाटून आला, तेव्हा हिंमतराव पाटलांनी तोंडातली विडी काढली.

"कोणी फाडा रे?"

"दिवाल्यानी."

"आनि भाकर?"

"ती बी त्यानीच खादी."

आता हिंमतराव म्हणजे गावचे पोलीस पाटील. तापीकाठच्या दहा गावांत दरारा. त्यांना बघितलं की चोर आधी कबुली द्यायचा आणि मग कोणती चोरी ते आठवायचा. अशा माणसाच्या पोटच्या पोराचा सदरा फाडणारा हा कोण?

गावात विचारलं, तर घरोघर तेच रडगाणं. फुलचंद शेठच्या नातवाच्या टोपीत शाई कोणी ओतली? दिवाल्याने. मारुतीपुढचं खोबरं? दिवाल्याने. शाळेतल्या बारक्या पोरांच्या पाट्या फुटत, गुडघे फुटत, चिंचा गायब होत. नाव एकच, शाळेतल्याच दिवाल्याचं.

आणि चार दिवसांपूर्वी तर कहरच झाला. पाटलांची घोडी सारंगखेड्याच्या यात्रेत मिरवायची होती. महिनाभर तिला चणे चारले, तेल चोळलं. सकाळी बघतात तर शेपटीला एक केस नाही. पुढून घोडी, मागून उंदीर.

पाटलांनी रीतसर तपास केला. पोरांना एकेकटं बोलावलं. एक म्हणाला, दिवाल्या ताडासारखा उंच. दुसरा म्हणाला, बुटका. पाटलांनी विचार केला, पोरगं वाढत्या वयाचं दिसतंय. घर कुठे विचारलं की सगळे डोंगराकडे बोट दाखवत.

"मी देखेल शे त्याले," फुलचंद शेठ छातीवर हात ठेवून म्हणाले. "लाललाल डोया."

रात्री गावाचा पहारा करणारा जागल्या आमशा त्याच डोंगरातला. तो हळूच म्हणाला, "पाटील, असा पोऱ्या तं मी कधी देखा नही."

"तू जागा ऱ्हास कव्हय, ते तुले दिखी?" पाटलांनी त्याला गप्प बसवलं.

संध्याकाळी चावडीवर गाव जमलं. शेठ तावातावाने उठले. "त्यानं नाव काढा शाळामाईन. पोरेसना तुरुंगमा धाडा. पाटील, एक पोऱ्या धरता येस नही तुम्हले, दरोडेखोर काय धरशात? दोन दिनमा धरा, नही ते मी मामलेदारले अर्ज लिखस. पाटीलकी दुसराले दी टाका म्हनस."

पाटलांची विडी विझली. सात पिढ्यांची पाटीलकी, ती एका पोरापायी जायची.

तेवढ्यात कोपऱ्यातून झिपरू मास्तर उठले. शाळेत हा एकच मास्तर. गरीब माणूस, त्यातून बोर्डाचा कागद आलेला. पटावर तीस पोरं नसली तर शाळा बंद. पटावर होती बरोबर तीस. मास्तर बिचारे एकेका पोराला जिवापाड जपत.

त्यांनी हात जोडले. "शेठ, काय वाटेल ते करा, पण त्याचं नाव काढू नका. पोर जन्मताच वाईट नसतं. आज हाकललं तर उद्या खरंच दरोडेखोर होईल. वर्गात राहिलं तर कधीतरी माणूस होईल."

"पन शाळामा येस तरी का तो?"

मास्तरांनी पट उघडून सगळ्यांपुढे धरला. "एकही खाडा नाही. तापीला पूर आला, त्या दिवशीसुद्धा हजर."

सगळे पटात डोकावले. आपली पोरं महिन्यातले दहा दिवस केळीत लपतात, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. शेठ नरमले. "इतला शिकाना नाद? बरं, पाया पडीसन माफी मांगू दे. मी त्याले नवी टोपी देसू."

टोपी ठरली. पोरगं मात्र अजून धरायचंच होतं.

पाटील घरी येऊन ओट्यावर बसले. समोर चुन्या पिंजऱ्यातल्या पोपटाला मिरची भरवत होता. परवाच त्याने तो फासात धरलेला. फास शेजारीच पडला होता, काळ्या केसांचा, बारीक वळलेला. पाटलांना कौतुक वाटलं. पोर मार खाऊन येतं, पण हात कसबी आहे.

मग ते घोडीकडे वळले. ही घोडी परक्याला जवळ फिरकू देत नाही, लाथ घालते. म्हणजे दिवाल्याला गावातलं कोणीतरी सामील असणार. आणि सामील माणूस फोडायची युक्ती पाटलांकडे वीस वर्षं होती. जोडीदार सापडला, सगळं ओकला, असं सांगायचं. समोरचा पोपटासारखा बोलतो. दिवाल्याला धरायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाटील शाळेत शिरले. मागे शेठ, हातात नवी टोपी. पाटलांनी काठी आपटली.

"दिवाल्या काल धराई गया. चावडीमा कोंडेल शे. शेपटी कोणी कापी, घोडी कोणी धरी, समदं त्यानी सांगं. आते तुम्हीन नावं सांगा."

पाटील थांबले. या जागेला चोराचे पाय लटपटतात. इथे एकही पोर घाबरलं नाही. सगळी डोळे मोठे करून एकमेकांकडे बघत होती. झिपरू मास्तर तेवढे मटकन खाली बसले, पट छातीशी धरून.

मग चुन्या उठला. यात्रेला निघाल्यासारखा त्याचा चेहरा फुलला होता.

"दादा, खरंच सापडना का तो? मंग आम्हले बी दाखाड ना. आम्ही रोज मोजतस, एकोणतीसच भरतस."